मिस्त्रींचे थांबे

सोमवारी आणि गुरुवारी मिस्त्री छान चालत आणि बाकीच्या दिवशी वाईट. सोमवारी आणि गुरुवारी त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी बहीण असे आणि बाकीच्या दिवशी बायको. हे त्या घरात कुणी तोंडानं बोललं नव्हतं, पण एका निळ्या वहीत ते आकड्यांनी स्वच्छ लिहिलेलं होतं. गेला महिनाभर बाईंच्या पोटात जे दुखत होतं ते त्या वहीमुळे.

बाई म्हणजे नाटक कंपनीच्या प्रॉम्प्टरबाई. सत्तावीस वर्षं त्या विंगेत, काळ्या पडद्याच्या आडोशाला, मांडीवर संहिता घेऊन बसत आल्या होत्या. नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचा, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला मात्र तो ऐकू जाता कामा नये, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नट गप्प झाला तर तो मुद्दाम घेतलेला विराम आहे की गड्याची दांडी उडाली आहे, हे त्यांना त्याच्या पाठीवरून कळायचं. मोठमोठे नट रंगमंचावर जायच्या आधी एकदा विंगेत डोकावून बाई जागेवर आहेत ना हे बघून घेत.

मिस्त्री, म्हणजे बाईंचे यजमान, त्याच कंपनीत नेपथ्याचे सुतार. कुठेही न पोचणारे जिने, भिंत नसलेली दारं, बसलं तर मोडणार नाही पण राजाचं वाटेल असं सिंहासन, हे सगळं त्यांच्या हातचं. नवराबायको सकाळी दहाला घरून निघायची आणि चालत नाट्यगृहावर जायची. पंचवीस मिनिटांचा रस्ता. त्या पंचवीस मिनिटांत संसाराचं सगळं बोलणं व्हायचं. भांडणंसुद्धा तेवढ्यात उरकून घ्यावी लागत, कारण एकदा मागच्या दारानं आत शिरलं की त्या विंगेत आणि ते नेपथ्याच्या कारखान्यात. सासूचं आजारपण, मुलीचं लग्न, छताची गळती, सगळं त्या रस्त्यावर ठरलेलं.

पाच महिन्यांपूर्वी मिस्त्रींना झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, मग पाय आला, हात थोडा आला, बोलणंही आलं, पण शब्द उशिरा यायचे. काठी धरून ते घरात फिरू लागले. एक मात्र परत आलं नाही. चालताना बोलायला गेले की त्यांचे पाय थांबत, आणि पाय टाकायला लागले की शब्द हरवत. बाईंना दुसरं काही नको होतं. हात नाही आला तरी चालेल, करवत नाही धरली तरी चालेल, पण सकाळी दहाला या माणसाबरोबर बोलत बोलत नाट्यगृहापर्यंत जायचं, एवढं त्यांना परत हवं होतं. त्यासाठी त्यांनी बिनपगारी रजा घेतली. त्यांच्या जागी विंगेत कुणीतरी नवी मुलगी बसते आणि ती मोबाइलवर संहिता वाचते हे कळल्यावर त्यांना जेवण गेलं नव्हतं, तरी त्यांनी रजा घेतली.

फिजिओथेरपीवाली मुलगी वयानं लहान, पण कामात पक्की होती. तिच्या हॉलमध्ये जमिनीवर एक लांब पिवळी पट्टी चिकटवलेली होती. मिस्त्रींनी त्या पट्टीवर एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत जायचं, आणि जाता जाता शंभरातून तीन-तीन वजा करत यायचं. जाड मऊ गादीवर उभं राहून तोल सांभाळायचा, आणि त्याच वेळी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. हातात पाण्याचा पेला घेऊन खुर्च्यांना वळसा घालायचा आणि भाज्यांची नावं सांगायची.

"हे काय खूळ?" बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं. "आधी धड चालू दे की त्यांना. गणितं कशाला घालता?"

"रस्त्यात नुसतं चालत नाही ना कुणी," मुलगी म्हणाली. "गाडी येते, कुणी हाक मारतं, काय आणायचं ते आठवावं लागतं. आधी चालणं आपोआप व्हायचं, डोकं मोकळं असायचं. आता प्रत्येक पावलाला डोकं लागतं. म्हणून तोल आणि डोकं, दोघांना एकदम कामाला लावायचं. हळूहळू जमतं."

घरच्यांसाठी तिनं ती निळी वही दिली. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास बाहेर चालायचं. बरोबरच्या माणसानं डाव्या अंगाला नाही, उजव्या अंगाला राहायचं, चालता चालता प्रश्न विचारायचे, आणि मिस्त्री किती वेळा थांबले तो आकडा परत आल्यावर लिहायचा. पाचही दिवस बाई जाणार होत्या. पण धाकटी म्हणाली, "वहिनी, तुलाही जरा उसंत हवी. सोमवार-गुरुवार माझ्याकडे." उसंत कुणी मागितली होती? पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

धाकटीबद्दल थोडं सांगायला हवं. जन्मभर ती बस डेपोच्या चौकशी खिडकीत होती आणि लोकांना ताटकळत ठेवण्यात तिनं हयात घालवली, असं बाईंचं मत. ही बाई दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणार. एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरी चप्पल घालून लग्नाला आलेली आहे. एरवी बाई तिला नावानं हाक मारत, पण राग आला की 'वन्सं' म्हणत, आणि महिनाभर त्या तिला वन्संच म्हणत होत्या.

कारण वही. बाईंच्या अक्षरात: थांबे अकरा. थांबे तेरा. थांबे बारा. आणि मध्ये मध्ये धाकटीच्या गिचमिड अक्षरात: थांबे सहा. थांबे चार. थांबे तीन, आणि पुढे उगाच एक फूल काढलेलं.

त्या फुलानं बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी त्यांना वाटलं ही खोटं लिहिते. पण परत येताना मिस्त्रींचा चेहरा बघितला की ती शंकाही फिटायची. दोघं जिना चढून यायची तेव्हा मिस्त्री हसत असायचे. झटक्यानंतर त्यांचं हसू वाकडं झालं होतं, डावीकडेच जायचं, आणि ते वाकडं हसू बाईंच्या वाट्याला फार कमी येई.

"एवढं काय झालं हसायला?" बाई विचारत.

"काही नाही गं वहिनी, असंच."

असंच! बाई भांडी घासायला लागत आणि शेजारच्यांना कळे की आज सोमवार आहे.

एकदा फिजिओथेरपीवाल्या मुलीनं वही बघता बघता विचारलं, "बाई, तुमच्याबरोबर असताना उत्तरं कोण देतं?"

"म्हणजे? तेच देतात."

"नाही, परवा हॉलमध्ये मी बघत होते. मी फळांची नावं विचारली. त्यांनी तोंड उघडलं आणि केळं तुम्ही म्हणालात."

"ते अडले होते."

"अडू द्यायचं ना थोडं. ते शोधत असतात, तुम्ही मध्ये बोललात की ते तुमच्याकडे बघतात, आणि बघितलं की पाय थांबतो."

बाईंनी वही मिटून पिशवीत टाकली. घरी येईपर्यंत त्या मनातल्या मनात तिच्याशी भांडत होत्या. सत्तावीस वर्षं माणसाचा श्वास ऐकून शब्द दिला, एकाही प्रयोगाला शांतता पडू दिली नाही, आणि ही कालची पोर मला शिकवणार कुठे गप्प बसायचं! आणि मिस्त्री विराम घेत नव्हते, अडतच होते. हे मला कळणार नाही तर कुणाला?

त्यांना खरंच वाटत होतं की त्या मदत करतात. सकाळी मिस्त्री म्हणत, "तुझी... ती..." तर बाई म्हणत, "गोळी? घेतलीत की." ते मान हलवत. "तुझी... खु..." "खुर्ची हवी? ही घ्या." आणि त्या त्यांच्यामागे खुर्ची सरकवत, दंडाला धरून बसवत. मिस्त्री बसत आणि खिडकीबाहेर बघत राहत. असं दिवसातून दोनतीनदा होई. या माणसाला हल्ली सारखं बसायला लागतं, असं बाईंनी फिजिओथेरपीवाल्या मुलीलाही सांगितलं होतं.

मग एका गुरुवारी बाईंनी करू नये ते केलं. दोघं खाली उतरली आणि त्या मागोमाग निघाल्या. डोक्यावरून पदर घेतला, हातात पिशवी, म्हणजे कुणी विचारलंच तर बाजाराला चालले म्हणता येईल. आपल्याच नवऱ्यावर पाळत ठेवायची पाळी आली याची त्यांना लाज वाटत होती, पण पाय काही मागे फिरले नाहीत.

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीच्या दाराशी टांगलेल्या चादरींआड उभं राहून त्यांनी बघितलं ते असं. धाकटीनं काहीतरी विचारलं आणि विचारून झाल्यावर तिचं लक्ष चपलांच्या दुकानाकडे गेलं. ती चक्क थांबली. काचेला नाक लावून चपला बघत उभी राहिली. मिस्त्री पुढे गेले. एकटे! काठी, डावा पाय, उजवा पाय. भुवया गोळा झालेल्या, ओठ हलताहेत. दहा पावलं, बारा पावलं, आणि मग रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "कानस!" जरा पुढे गेल्यावर, "किकरं!" शेजारून जाणारा सायकलवाला दचकला. धाकटी धावत आली, "क वरून हत्यारं सांगत होतास का अजून? मी विसरलेच!" आणि दोघं हसली. त्यानंतर धाकटी हळू आवाजात काही म्हणाली आणि मिस्त्री गंभीर होऊन, तोंडातल्या तोंडात, एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत चालू लागले. ते काय ते बाईंना कळलं नाही. थांबले मात्र नाहीत.

आपण दहा पावलं मागे चादरींमध्ये उभ्या आणि तो माणूस पुढे तिच्याशी बोलत चाललाय. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यात माया अजिबात नव्हती. पडले असते म्हणजे? हिला चपला महत्त्वाच्या! मी त्यांचा शब्द खाली पडू देत नाही, आणि हसायचं कुणाबरोबर तर हिच्याबरोबर.

सोमवारी सकाळी त्यांनी धाकटीला फोन केला. "वन्सं, आज येऊ नका. यांना ताप आहे."

"अगं बाई! किती?"

"आहे थोडा. झोपलेत."

मिस्त्री झोपलेले नव्हते. ते पुढच्या खोलीत बूट घालून, काठी गुडघ्यांमध्ये धरून तयार बसले होते आणि दाराच्या घंटेकडे कान लावून होते. बाई बाहेर आल्या, त्यांनी पदर खोचला, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चला. आज मी येते."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं. मग उठले.

पहिला अर्धा रस्ता नेहमीसारखाच गेला. बाईंनी क वरून हत्यारं विचारली, ती चोरी त्यांनी केलीच. मिस्त्री म्हणाले, "क... क..." आणि बाईंच्या तोंडून "करवत" निसटलं. मिस्त्री वळून बघायला लागले, पाय थांबला. थांबा एक. मग रंग विचारले, थांबा दोन. नातवंडांची वयं विचारली, धाकट्याचं वय बाईंनीच सांगून टाकलं, थांबा तीन. लॉन्ड्रीपर्यंत येता येता सात झाले. बाईंना रडू कोसळायचं बाकी होतं. खोटं बोलून मिळवलेला सोमवार हातातून चालला होता.

चपलांच्या दुकानासमोर त्यांचा धीर सुटला. प्रश्न म्हणून नाही, व्यायाम म्हणून तर नाहीच, त्यांनी सरळ विचारलं, "तिच्याशी काय बोलता हो तुम्ही? एवढं हसता, एवढं पुटपुटता, माझ्याशी का नाही बोलत?"

विचारल्याबरोबर त्या घाबरल्या. पण मिस्त्री थांबले नाहीत. समोर बघत त्यांनी काठी टाकली, डावा पाय टाकला, उजवा ओढला. ओठ हलले. बाईंचा श्वास सवयीनं वर आला, जीभ टाळूला लागली, आता पुढचा शब्द द्यायचा, आणि त्यांच्या लक्षात आलं की पुढचा शब्द त्यांना माहीत नाही. मांडीवर संहिता नव्हती. नवरा काय म्हणणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि असं कधी झाल्याचं त्यांना आठवेना.

आठ पावलं. टपालपेटी गेली. पंधरा पावलं. एक गाडी मागून भोंगा वाजवून गेली, मिस्त्री जरा हलले, सावरले, चालत राहिले.

"मला," ते म्हणाले, "ताप... नाही."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खाली रस्त्याकडे बघत चालत राहिल्या.

"ती विचारते," मिस्त्री चालता चालता म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. सावली, ऊन, परत सावली. "घरी गेल्यावर... वहिनीला... काय सांगायचं? मग मी... पाठ करतो. एकच वाक्य. तू... पुरं... होऊ देत नाहीस."

"कुठलं वाक्य?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही.

मिस्त्रींनी कपाळ आवळलं. पाय चालूच होते, थोडे वाकडे, पण चालू. बाई शेजारून चालत होत्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी आवळून धरली होती. कोपरा आला. कोपरा वळला.

"तुझी विंगेतली... खुर्ची. करकरते. मी दुरुस्त... करीन म्हणालो होतो. राहिली. मला... तिकडे घेऊन चल."

आणि मग, कदाचित पाठ केलेलं संपलं म्हणून, त्यांच्या तोंडून पुढचं सहज निघालं. "तू पुढे झुकलीस की... वाजते. सगळ्या नटांना... माहितेय. करकर झाली की... शब्द येणार. बिचारे... आठवायचं सोडून देतात."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"घाबरतात," मिस्त्री म्हणाले आणि डावीकडून हसले. ते हसू या खेपेला बाईंना मिळालं.

बाईंना आठवलं, त्या रोज त्यांच्यामागे खुर्ची सरकवत होत्या. रोज, दोनतीनदा, दंडाला धरून. त्यांना हसूही आलं आणि फार वाईटही वाटलं, आणि रस्त्यात उभं राहून रडावंसं वाटलं. पण उभं राहिलं असतं तर मिस्त्रीही थांबले असते, म्हणून त्या डोळे पुसत चालत राहिल्या. घराकडे वळायचा रस्ता मागे पडला होता. समोर नाट्यगृहाचं मागचं दार दिसत होतं. पंचवीस मिनिटांच्या जागी पन्नास लागली होती.

कारखान्यात लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास तसाच होता. बाईंनी विंगेतून खुर्ची उचलून आणली, नव्या मुलीची उशी बाजूला फेकली. मिस्त्री स्टुलावर बसले. उजवा हात मांडीवर, डाव्या हातानं खुर्ची हलवून बघितली. करकर! बाईंना ती सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आली.

"मी... सांगतो. तू... कर," मिस्त्री म्हणाले.

सांगणं कसलं! त्यांनी मागच्या पायाकडे बोट दाखवलं आणि गप्प झाले. बाईंनी पेचकस घेतला. सांध्यात तीन स्क्रू होते. त्यांनी एक पिळला, खुर्ची करकरली. दुसरा पिळला, करकरली. तिसरा नुसता गोल फिरत राहिला, पकडच घेईना. बाईंनी त्याच्यावर जोर लावला, मग हळू फिरवला, मग उलटा फिरवला. घाम आला. त्यांनी वर बघितलं. मिस्त्री बघत होते. त्यांना उत्तर ठाऊक होतं, ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते बोलत नव्हते.

"अहो, सांगा ना!"

मिस्त्रींनी डावा हात वर केला. "विराम," ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खाली मान घालून त्यांनी तो स्क्रू पूर्ण काढला, भोकात बोट घातलं, भोक मोठं झालंय हे त्यांना कळलं. जमिनीवरचा लाकडाचा एक सालपा उचलून त्यांनी भोकात कोंबला आणि स्क्रू परत लावला. आता तो रुतला. शेवटचा पीळ दिला तेव्हा मिस्त्रींनी सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला. इतका वेळ त्यांनी तो धरून ठेवला होता.

बाई खुर्चीवर बसल्या आणि पुढे झुकल्या. आवाज आला नाही. मागे गेल्या, परत झुकल्या. नाहीच. त्या हसायला लागल्या, मिस्त्रीही हसायला लागले, आणि कशाला हसतोय हे दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दार उघडलं. धाकटी दारात उभी होती, धापा टाकत, एका हातात तापाच्या गोळ्या. घरी कुलूप बघून ती शोधत इथवर आली होती.

"ताप ना रे तुला?" ती म्हणाली. मग तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. तिच्या भुवया हळूच वर गेल्या. "आणि एवढं काय झालं हसायला?"

बाईंनी पदरानं घाम पुसला.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "असंच."